अठरा तोळ्यांची चोरी

एकदा एक वृद्ध वैद्य होते, आणि त्यांना कोणत्याही गोष्टीची घाई नसे. नाडी पाहायला बसले की रुग्णाला वाटे, आपण बरे होऊन घरी गेलो तरी यांचे बोट मनगटावरून काही उठायचे नाही. खाडीच्या काठी त्यांचे घर होते. पुढच्या पडवीत रुग्ण बसत, मागच्या पडवीत भट्टी होती, आणि दोन्हींच्या मधोमध छताला एक काटा टांगलेला होता. घरात येणारी प्रत्येक मुळी आणि घरातून जाणारी प्रत्येक पुडी त्या काट्यावरून जाई.

त्यांच्याकडे नऊ वर्षे शिकत असलेला एक शिष्य होता. तिशीला आलेला, शांत, कामाला पक्का. नऊ वर्षांत त्याने मुळ्या ओळखणे, चूर्ण वस्त्रगाळ करणे, काढे, लेप, नाडी असे सगळे आत्मसात केले होते, आणि ते आपल्याला येते हे त्याला थोडेसे ठाऊकही होते. फक्त अग्नीचे काम गुरुजींनी त्याच्या हाती दिले नव्हते. भट्टीपाशी ते स्वतः बसत. "कुटण्यात चुकलास तर पुन्हा कुटता येतं," ते म्हणत, "विस्तवात चुकलास तर ते औषध उरत नाही."

खाडीच्या पलीकडच्या गावात वैद्य नव्हता. कुणी आजारी पडले की होडीत घालून अलीकडे आणावे लागे, आणि भरती नसली की रुग्ण चिखलात आणि नातेवाईक कंबरभर पाण्यात अशी अवस्था होई. शेवटी त्या गावाने गुरुजींना निरोप पाठवला की आम्हाला एक वैद्य द्या, राहायला घर देऊ, औषधी झाडे लावायला वाडी देऊ. शिष्याने तो निरोप ऐकला आणि त्या दिवशी त्याच्याकडून सुंठीच्या जागी हळद कुटली गेली. नऊ वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर आले होते.

मात्र त्या गावात शब्द चाले तो एका व्यापाऱ्याचा, सगळे त्याला शेट म्हणत, आणि हा व्यापारी कोणतीही गोष्ट तोलल्याशिवाय घेत नसे. देवळात वाढवलेल्या नारळाची अर्धी वाटी प्रसाद म्हणून परत मिळे, ती तो घरी नेऊन तोलायचा, आणि कमी भरली की पुढच्या सोमवारी पुजाऱ्याला सुनवायचा. एकदा न्हाव्याकडून आल्यावर तो धान्याच्या काट्यावर स्वतः उभा राहिला होता, असे लोक सांगत. ते खरे नसावे, पण ऐकणाऱ्याला ते खोटे वाटत नसे.

तसा माणूस वाईट नव्हता. कुणाला कमी तोलून देणे हे त्याच्या स्वप्नातही येत नसे. त्याची एकच श्रद्धा होती आणि ती देवावरच्या श्रद्धेपेक्षा घट्ट होती, ती ही की जे कमी झाले, ते कुणीतरी घेतले.

श्रावणाच्या आरंभी हा व्यापारी स्वतःचा तराजू चामड्याच्या पिशवीत घालून होडीतून अलीकडे आला.

"वैद्यराज," तो म्हणाला, "गावाने माणूस मागितला, पण गाव भोळं आहे. मी आधी हात बघतो, मग माणूस ठेवतो. पावसात आमच्या गुरांचे खूर सडतात. त्यावर भाजलेला मोरचूद लागतो ना?"

"लागतो."

"मग हा घ्या मोरचूद. पन्नास तोळे. तुमच्या शिष्याने भाजून द्यावा. उद्या येतो."

त्याने सर्वांसमक्ष आपल्या तराजूत ते निळेभोर खडे तोलले. काटा पन्नासावर स्थिर झाला तेव्हा त्याने गुरुजींना पाहायला लावले, शिष्याला पाहायला लावले, आणि पडवीत खोकत बसलेल्या एका म्हातारीलाही पाहायला लावले. "बघितलंत ना, आजी?" म्हातारी म्हणाली, "मला दिसत नाही रे बाबा, डोळ्यांसाठीच आलेय."

व्यापारी गेल्यावर गुरुजींनी भट्टीपाशी जाऊन शिष्यासाठी पाट मांडला. नऊ वर्षांनी प्रथमच.

"खडे कुटून घे," ते म्हणाले. "मातीच्या तव्यावर पसर, वर झाकण तिरकं ठेव. आच मंद. काळा पडेल इतका तापवू नकोस. उतरवलास की झाकूनच निवू दे, मग तोल. मग पुन्हा तापव, पुन्हा निववून तोल. दोन वेळा वजन सारखं येईपर्यंत थांबायचं नाही."

"आणि दर वेळी कमी आलं तर?"

"तर अजून झालं नाही," गुरुजी म्हणाले, आणि म्हातारीचे डोळे पाहायला निघून गेले.

शिष्याने मन लावून काम आरंभले. निळा रंग हळूहळू फिका होऊ लागला. पहिल्या खेपेला उतावीळपणे त्याने तवा गरमच पारड्यात ठेवला, तेव्हा काटा नाचू लागला, आणि आतून गुरुजींचा आवाज आला, "गरम भांडं तोलू नकोस. काट्याला खोटं बोलायला लावतोस." त्याने निवू दिले, तव्याचे वजन वजा केले, आणि पाहिले तर बेचाळीस तोळे.

त्याने जमीन पाहिली. खलबत्त्यात पाहिले. धोतर झटकले. भट्टीपाशी झोपलेल्या मांजरीला उचलून तिच्याखाली पाहिले. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

पुन्हा तापवले. छत्तीस. पुन्हा तापवले. तेहतीस.

कधी नव्हे ते असे घडत होते की काम जितके चोख करावे तितका माल कमी होत होता. बेचाळिसावर थांबलो असतो तर थोडे सांडले म्हणून सांगता आले असते, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण गुरुजींनी सांगितले होते, दोनदा सारखे येईपर्यंत. झाकणाला आतून सारखा घाम येत होता, आणि त्यालाही येत होता, आणि दोन्ही तो एकाच उपरण्याने पुसत होता.

पुन्हा तापवले. बत्तीस. आणखी एकदा तापवले. बत्तीसच.

तव्यावर निळ्याचा मागमूस नव्हता. पिठासारखी पांढरी भुकटी तेवढी होती.

"गुरुजी," तो आत जाऊन म्हणाला, "अठरा तोळे कुठे गेले?"

"तू होतास ना तिथे. काय पाहिलंस?"

"मी काट्याकडेच पाहत होतो."

"मग तव्यावर काय झालं ते तुला कुठून कळणार? उद्या शेट येतील, त्यांना जसं झालं तसं सांग."

दुसऱ्या दिवशी शेट आले. पांढऱ्या भुकटीकडे त्यांनी लगेच पाहिले नाही. आधी तोलली, मग पाहिली.

"पन्नास दिले होते," ते म्हणाले.

"होय."

"हे बत्तीस आहेत."

"होय, शेट."

"आणि रंग कुठाय?"

"गेला."

"रंगसुद्धा सोडला नाहीस?"

शिष्याचे कान तापले. "मी काही घेतलं नाही, शेट. भाजलं, तसं कमी होत गेलं."

"आपोआप?"

"तसंच काहीसं झालं."

"माझ्या दुकानातून आजवर पुष्कळ माल आपोआप गेलाय," शेट म्हणाले. "दर खेपेला त्याला दोन पाय होते. वैद्यराज, हा माणूस मी गावात नेणार नाही. आणि का नेणार नाही, हे गावाला सांगितल्याशिवाय राहणार नाही."

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. आता ते एक वाक्य बोलतील, नऊ वर्षांच्या सेवेला एक वाक्य पुरे होते. गुरुजी म्हणाले, "शेट बरोबर सांगतायत. अठरा तोळे कमी आहेत."

पडवीतल्या म्हातारीचे खोकणेही थांबले.

"तेव्हा उरलेलं तरी नीट जपू या," गुरुजी पुढे म्हणाले. "शेट, ही बत्तीस तोळे भुकटी तुम्हीच घेऊन जा. पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधा, तुमच्या पेटीत ठेवा, कुलूप घाला, वर लाख लावून तुमचा शिक्का मारा. पंधरा दिवसांनी पेटी न उघडता इथे आणा. तोवर याच्याबद्दल तुम्हीही काही ठरवू नका, मीही ठरवत नाही. गुरांसाठी माझ्याकडचा भाजलेला मोरचूद आहे, तो न्या."

बंदोबस्ताची ही पद्धत शेटना इतकी आवडली की क्षणभर ते रागावलेले आहेत हे विसरले. "लोखंडी पेटीत ठेवतो," ते म्हणाले.

"लाकडीच बरी. होडीतून आणायला हलकी."

हे काय केले गुरुजींनी, हे शिष्याला उमगेना. चोरीचा आळ आला असता त्यांनी साक्षीदार बोलावले नाहीत, शपथ घातली नाही, घराची झडती घेतली नाही. चोराला सोडून उरलेल्या मालाला कोंडले.

शेट काही ठरवणार नव्हते, पण बोलणार नाही असे काही त्यांनी कबूल केले नव्हते. ते होडीत बोलले, धक्क्यावर बोलले, आणि ती बातमी येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर अलीकडे परत आली. रुग्ण शिष्याच्या हातून पुडी घेतली की ती उघडून गोळ्या मोजू लागले. खोकणारी म्हातारी तर उघडच म्हणाली, "मेल्या, माझ्या डोळ्यांत औषध घालतोस ते सगळं घाल हो. थोडं ठेवून घेऊ नकोस."

"आजी, थेंब आहेत ते."

"थेंबाथेंबानेच होतात अठरा तोळे."

दिवस दमट होते. मिठाच्या बरणीला पाणी सुटत होते, पापड नरम पडत होते, धुतलेली धोतरे तीन तीन दिवस वाळत नव्हती. शिष्य कुणाशी बोलेनासा झाला. पूर्वी कुणी औषधाचे नाव विचारले की तो दोन श्लोक म्हणून उत्तर देई. आता नुसते नाव सांगे.

पाचव्या दिवशी गुरुजींनी त्याला विचारले, "तू घेतलेस का ते अठरा तोळे?"

"नाही, गुरुजी."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि खल ओढून घेतला.

आठव्या दिवशी शिष्यच त्यांच्याकडे आला. रात्रभर विचार करून त्याचा चेहरा उतरला होता.

"मी बाजाराच्या गावी जाऊन येतो," तो म्हणाला. "तिथे मोरचूद मिळतो. अठरा तोळे आणतो आणि शेटना सांगतो, सापडले. प्रकरण मिटेल. ते गाव हातचं जाऊ नये एवढंच."

"कुठे सापडले म्हणशील?"

"भट्टीच्या मागे."

"भट्टीच्या मागे अठरा तोळे निळे खडे, आणि तव्यावर बत्तीस तोळे पांढरी भुकटी. आज शेटना तू चोर वाटतोस. मग चोर वाटशील आणि वर मूर्खही."

शिष्याने उपरणे खांद्यावर टाकले.

"जे घेतलं नाहीस, ते परत कसं करतोस?" गुरुजींनी सौम्यपणे विचारले. "परत केलंस की घेतल्याचं ठरलं. मग तुझ्या गावात तू जन्मभर तोच माणूस." ते थांबले. "पण वाट तुझी आहे. मी अडवत नाही."

शिष्य उंबऱ्यावर बराच वेळ बसला. बाजाराच्या वाटेने दोन बैलगाड्या गेल्या, दोन्हींत जागा होती. मग तो उठला आणि अर्धवट राहिलेले चूर्ण गाळायला बसला.

दहाव्या दिवशी गुरुजींनी पुन्हा विचारले, "तू घेतलेस का?"

"नाही."

एवढेच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. गुरुजींनी मान डोलावली.

पंधराव्या दिवशी भरतीबरोबर होडी लागली. पुढे शेट, मागे पेटी डोक्यावर घेतलेला गडी, त्यामागे गावातले दोन गृहस्थ साक्षीला, आणि सर्वांत मागे शेटची पत्नी. तिचा गुडघा दुखत होता, आणि नवऱ्याची पेटी उघडताना तिला पाहायचीही होती.

शेटनी लाखेवरचा शिक्का स्वतः तपासला, साक्षीदारांकडून तपासून घेतला, मग किल्ली कमरेच्या करगोट्यातून काढली. कुलूप उघडले. पुरचुंडी बाहेर आली. गाठ सोडली आणि शेटचा हात थांबला.

भुकटी पांढरी राहिली नव्हती. तिच्यावर फिकी निळी छटा चढली होती आणि तिचे मऊ गोळे झाले होते.

"तोला," गुरुजी म्हणाले.

शेटनी तोलले. काट्याकडे पाहिले. वजने काढून पुसली, पुन्हा तोलले. पारडी अदलून बदलून तोलले. मग गुरुजींच्या छताला टांगलेल्या काट्यावर तोलले. प्रत्येक वेळी एक्केचाळीस तोळे.

"बत्तीस नेले होते," गुरुजी म्हणाले.

"होय," शेट म्हणाले.

"हे एक्केचाळीस आहेत."

"होय."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"पंधरा दिवस करगोट्याला," शेटची पत्नी म्हणाली. "आंघोळीलासुद्धा. पेटीत माझी साखर होती. चहा गुळाचा प्यायलो आम्ही."

"शिक्का?"

"माझाच."

"मग शेट," गुरुजींनी शांतपणे विचारले, "हे नऊ तोळे तुम्ही कुणाचे घेतलेत?"

एका साक्षीदाराने खोकल्याचे निमित्त करून तोंडावर उपरणे धरले. शेटनी पत्नीकडे संशयाने पाहिले. तिने त्यांच्याकडे असे पाहिले की तो संशय त्यांनी तिथेच गिळला.

"मी काही घेतलं नाही, वैद्यराज," ते म्हणाले. "ठेवलं होतं तसंच होतं. वाढत गेलं असावं."

"आपोआप?"

"तसंच काहीसं…"

हे वाक्य शेटनी याच पडवीत, याच जागी, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकले होते, आणि त्यावर आपण काय म्हणालो होतो तेही त्यांना आठवले. शिष्याला हसता आले असते. तो हसला नाही.

गुरुजींनी ओव्याचा अर्क काढायचा मातीचा भबका आणवला. भबका म्हणजे झाकबंद मडके, त्याला एक लांब नळी, आणि नळीच्या टोकाशी थंड पाण्यात बसवलेली वाटी. मडक्यात ती एक्केचाळीस तोळे भुकटी घालून त्यांनी शिष्याला पाटावर बसवले. "आज काट्याकडे बघू नकोस," ते म्हणाले.

मंद आचेवर मडके तापले. काही वेळ काहीच घडले नाही. मग नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबकळला, आणि वाटीत पडला. मग दुसरा. शेट गुडघ्यांवर ओणवे होऊन पाहू लागले. त्यांच्या पत्नीने आपला गुडघा विसरून मान पुढे केली. थेंब पडत राहिले आणि मग पडेनासे झाले. शिष्याने मडके झाकलेलेच निवू दिले, तोलले, पुन्हा तापवले, पुन्हा तोलले. दोन्ही वेळा बत्तीस. भुकटी पांढरीशुभ्र झाली होती. वाटीतले पाणी तोलले, ते आठ तोळे.

"एक तोळा कमी," शेट सवयीने म्हणाले.

"नळीला लागला, फटींतून वाफेबरोबर गेला. तेवढा चोर पळाला," गुरुजी म्हणाले.

त्यांनी चिमूटभर पांढरी भुकटी एका बशीत घेतली आणि वाटीतले चार थेंब तिच्यावर सोडले. डोळ्यांदेखत ती निळी झाली. बशीच्या बुडाला बोट लावलेल्या शेटनी ते झटकन काढले. बशी कोमट झाली होती.

"दगडाच्या पोटात पाणी?" ते म्हणाले. "हात लावला तर कोरडा होता, वैद्यराज. मी स्वतः हात लावला होता."

"कुटलात तरी कोरडाच लागतो. पण पन्नास तोळ्यांत अठरा तोळे पाणी. विस्तवावर ते निघून जातं, आणि दमट हवेत मोरचूद ते पुन्हा पिऊन घेतो. तुमच्या पेटीत पंधरा दिवस तो तेच करत बसला होता."

"यात काय नवल," शेटची पत्नी म्हणाली. "माझे पापड दर श्रावणात हेच करतात. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि तू," गुरुजी शिष्याकडे वळले. "त्या दिवशी झाकणाला घाम येत होता, तो कशाने पुसलास?"

"उपरण्याने."

"मग शेट अगदीच चुकले नव्हते. माल तुझ्याच खांद्यावर होता."

आता सगळेच हसले, शिष्यही. हसता हसता त्याला कळले की त्या दिवशी उत्तर त्याच्या हातात ओले होऊन पडले होते, आणि भीतीपोटी तो ते पुसून टाकत होता.

"पण गुरुजी," तो म्हणाला, "हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

गुरुजींनी भबका बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर शेट म्हणाले असते, गुरू शिष्याची बाजू घेतोय. आणि ते तसं म्हणाले असते तर मी काय दाखवणार होतो? शेट, तुमचा काटा खोटा नाही. पण किती आहे एवढंच तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. ते कळायला आधी तोलावं लागतं, मग मंद आचेवर तापवावं लागतं, निवू द्यावं लागतं, पुन्हा तोलावं लागतं. वजन उतरत असेल तोवर निर्णय करायचा नसतो. उतरायचं थांबलं, की गेलं ते पाणी आणि राहिला तो मोरचूद. तुम्ही एकदाच तोललंत आणि जे कमी होतं त्याला माणसाचं नाव दिलंत."

गुरुजींनी शिष्याकडे बोट केले.

"हा पंधरा दिवस तुमच्या शब्दांवर तापत होता. याच्यातूनही काही उतरलं. विद्येचा थोडा तोरा होता, तो पहिल्या चार दिवसांत गेला. मग मी विचारलं, घेतलेस का. नाही म्हणाला. मध्ये एक दिवस वाटलं, हा काळा पडतोय. स्वतः होऊन चोर व्हायला निघाला होता. पण उंबऱ्यावरून परत फिरला. दहाव्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तेवढंच, तितकंच. दोन वेळा वजन सारखं आलं. त्यापुढे मी तापवलं नाही."

शिष्याला नऊ वर्षांत मिळालेले हे पहिले कौतुक होते. ते कौतुक आहे हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला.

शेट उठले. त्यांनी बत्तीस तोळे पुरचुंडीत बांधले, तराजू पिशवीत घातला, आणि मग वाटीकडे बोट करून जरा संकोचाने विचारले, "वैद्यराज, हे पाणीसुद्धा माझंच ना?"

"तुमचंच. मात्र प्यायचं नाही."

"नाही, नाही. घरी ठेवीन म्हणतो."

"साखरेच्या पेटीत नको," त्यांची पत्नी म्हणाली.

ओहोटी लागायच्या आत होडी सुटली. गुरुजींनी दिलेली औषधांची पेटी मांडीवर घेऊन शिष्य मध्ये बसला होता. बरोबर चल, एवढेच शेट त्याला म्हणाले होते, त्याखेरीज काही नाही. पलीकडच्या गावाला काय सांगितलेले आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ज्याने सांगितले तो समोर वाटी दोन्ही हातांत धरून पाण्याकडे पाहत बसला होता.

धक्क्यावर दहापंधरा माणसे उभी होती. पेटीचे काय झाले ते ऐकायला अर्धे गाव लोटले होते. होडी टेकायच्या आतच एक जण मोठ्याने म्हणाला, "शेट, हाच ना तो अठरा तोळेवाला?"

शिष्याने मान वर केली नाही. शेटनी वाटी पत्नीच्या हाती दिली. ते आधी उतरले, वळले, आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय रोवून त्यांनी आपला हात पुढे केला.

"जपून या, वैद्यबुवा," ते म्हणाले. "पायरी निसरडी आहे."

मग त्या विचारणाऱ्याकडे न पाहता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ते मी एकदाच तोललं होतं. चुकलं माझं. बुवांना वाट द्या."

शिष्याने तो हात धरला. लोक बाजूला झाले.